पावसाळ्यात घोड्याच्या पायाची सूज उतरतच नसेल तर

आषाढी एकादशी झाली की लग्नाचे मुहूर्त थांबतात, बैलगाडा शर्यतींचे घाट पावसानं बंद पडतात, आणि मग वरातीची घोडी काय नि गाड्यापुढं पळणारी घोडी काय, पुणे जिल्ह्यात सगळीकडं दावणीलाच उभी. चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र तेवढीच चालू, खाली चिखल, वर गळका पत्रा. याच दिवसांत मागचे पाय सुजतात, आणि डॉक्टरला फोन जाईपर्यंत बऱ्याच ठिकाणी आठवडाभर तेल-हळद चोळून झालेली असते. हा आठवडाच पुढं महागात पडतो.

आधी पायाला हात लावून बघा, औषध नंतर. घोड्याला गुडघ्याखाली मांस जवळपास नसतंच, हाड, शिरा (म्हणजे टेंडन, रक्तवाहिन्या नव्हे) आणि कातडं एवढंच, त्यामुळं पायात उतरलेलं पाणी परत वर जायला चालणंच लागतं. म्हणून दोन्ही मागचे पाय सारखेच भरलेत, हाताला गार लागतायत, बोटानं दाबलं की खड्डा पडतो, घोडा लंगडत नाही आणि पंधरा-वीस मिनिटं फिरवला की सूज ओसरायला लागते, तर घाबरू नका. काम नाही त्या दिवसांत चंदी कमी करा, वैरण वाढवा, सकाळ-संध्याकाळ हातात धरून चालवा, जागा असेल तर मोकळं सोडा.

पण एकच पाय, बहुतेक मागचा, रात्रीतून एकदम सुजला, गरम आहे, हात लावू देत नाही, टेकवत नाही, तर गोष्ट वेगळी आहे. तिथं कातड्याखाली जंतू शिरलेत. डॉक्टर याला सेल्युलायटिस किंवा लिम्फँजायटिस म्हणतात. थर्मामीटर गुदद्वारातून लावा, निरोगी घोड्याचं तापमान साधारण ९९.५ ते १०१.३ फॅरनहाइट असतं, त्याच्या वर गेला तर त्याच दिवशी डॉक्टर, उद्या नाही. अँटिबायोटिक आणि सूज उतरवणारं इंजेक्शन वेळेत मिळालं तर पाय पूर्ववत होण्याची आशा चांगली असते, उशीर झाला किंवा सूज अर्धी उतरली म्हणून कोर्स मध्येच सोडला तर कातड्याखालचं पाणी वाहून नेणाऱ्या लसिकेच्या नळ्या खराब होतात आणि पाय कायमचा जाड राहतो, मग दरवर्षी पावसाळ्यात तोच पाय परत सुजतो. ‘सूज जातच नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच घोड्यांची गोष्ट हीच असते.

जंतू शिरतात कुठून? छोट्या जखमेतून. पिछाडीची, म्हणजे मागचे पाय बांधायची, दोरी घासून पडलेला चट्टा, काटा, खिळा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे खुराच्या वर मागच्या बाजूच्या खळगीत चिखलानं आलेल्या खपल्या. लांब केस असतील तर त्या दिसत पण नाहीत, बोटं फिरवूनच कळतं. केस कापा, पातळ केलेल्या बीटाडीननं किंवा क्लोरहेक्झिडीननं धुवा, खपली मऊ झाली तरच काढा, कोरडी ओढून काढू नका, आणि नंतर स्वच्छ फडक्यानं पूर्ण कोरडं करा. कोरडं करणं हे औषधापेक्षा मोठं आहे, ओल्या पायावर मलम चोपडून काही होत नाही. पिछाडी बांधायचीच असेल तर रुंद आणि मऊ पट्टा वापरा, पण माझं स्पष्ट मत आहे की पावसाळ्यात दिवस-दिवस पिछाडी बांधून ठेवूच नये. आणि कसलीही जखम असली की धनुर्वाताचं इंजेक्शन विचारा, घोड्याला तो फार लवकर होतो.

डॉक्टर येईपर्यंत नळाचं गार पाणी सूजेवर पंधरा-वीस मिनिटं सोडा, दिवसातून दोन-तीनदा, आणि प्रत्येक वेळी पाय पुसून घ्या. ताप आणि दुखणं ओसरलं, डॉक्टर हो म्हणाले, की थोडं थोडं चालवायला सुरू करा. नळीच्या, म्हणजे गुडघ्याखालच्या लांब हाडाच्या, मागं शिरेवर फुगीर आणि गरम सूज असेल तर मात्र चालवायचं नाही, शीर दुखावलेली असू शकते, सोनोग्राफी करून घ्या, त्याला महिनोन्महिने विश्रांती लागते. पट्टी बांधताना खाली कापसाचा जाड थर घ्या, ताण सगळीकडं सारखा ठेवा, रोज दोनदा सोडून परत बांधा. घट्ट आवळलेली पट्टी स्वतःच शीर खराब करते.

डाग देणं, बिब्बा लावणं, रक्त काढणं कृपा करून बंद करा. आधीच सुजलेल्या कातड्यावर नवी जखम कशाला? माणसाचं दुखण्यावरचं डायक्लोफेनॅक तर अजिबात नको, २००६ पासून जनावरांसाठी त्यावर बंदी आहे, ते दिलेली मेलेली जनावरं खाऊनच गिधाडं मेली.

चारही पाय सुजलेत, पोटाखाली पण सूज आहे, घोडा वाळत चाललाय, ताप येतो-जातो, तर पायाला काही लावत बसू नका. गोमाश्यांनी पसरणारा सर्रा हा रक्तातल्या जंतूंचा रोग असू शकतो, जंत असू शकतात, किडनी-लिव्हर-हृदयाचं काही असू शकतं. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही. पुण्यात औंधला पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, साताऱ्याच्या रस्त्यावर शिरवळला पशुवैद्यकीय कॉलेज आहे, आणि १९६२ वर फोन करून फिरत्या पथकाची चौकशी करता येते.

एक गोष्ट जपून. सुजलेल्या पायावर लसिकेची नळी दोरीसारखी उठून तिच्यावर गाठी आल्या, त्या फुटून चिकट पू येतोय किंवा नाकातून घट्ट शेंबूड येतोय, तर ग्लँडर्सची शंका घ्या. तो माणसाला होतो आणि जीवावर बेततो. उघड्या हातानं पू पुसू नका, घोडा बाकीच्यांपासून लांब बांधा, त्याची बादली, खरारा वेगळा करा, पोरांना जवळ जाऊ देऊ नका आणि सरकारी पशुवैद्यकाला लगेच कळवा, हे कळवणं कायद्यानं बंधनकारक आहे. लपवून दुसऱ्या गावच्या बाजारात तर बिलकुल नेऊ नका.

ज्यांच्या घोड्याचा पाय आधीच जाड झालाय त्यांनी एक शिंप्याची टेप घ्या, रोज सकाळी चालवायच्या आधी त्याच जागी घेर मोजून लिहून ठेवा. रोज चालणं आणि कोरडी जागा मिळाली तर असा पाय वर्षानुवर्षं चालतो, फक्त घेर अचानक वाढला किंवा पाय गरम लागला की त्याच दिवशी डॉक्टरला बोलवायचं.