रताळ्याची पट्टी आणि क्रिकेटची कार्डं

कडोलीहून रताळी घेऊन बेळगावच्या मार्केट यार्डात गेलं की आप्पा पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशोबाचा कागद, हातात घेऊन आधी तळ बघायचे. वर कितीही मोठी रक्कम असू दे. हमाली, तोलाई, आडत, टेंपोभाडं जाऊन खाली उरतंय ते आपलं. हे बघतच मी मोठा झालो. तरीही पहिलं कार्ड ऑनलाइन विकलं गेलं तेव्हा वरचा आकडा बघूनच खूश झालो.

कार्डांचा नाद लहानपणचा. बिग फन बबलगममधून क्रिकेटपटूंचे फोटो निघायचे, त्यावरच्या रन आणि विकेट साठवायच्या. पुढं टॉप्स कंपनीची क्रिकेट अटॅक्स कार्डं आली. ती विकायची म्हटल्यावर पहिली अडचण जागेची. ईबे या ऑनलाइन बाजाराचं भारतातलं दुकान २०१८च्या ऑगस्टमध्येच बंद झालेलं. माझा आत्तेभाऊ अमेरिकेत असतो, त्याचं तिथल्या ईबेवर खातं आहे. सुट्टीला आला की माझी कार्डं बॅगेत टाकून नेतो आणि तिकडून विकतो. गिऱ्हाईक बहुतेक तिकडं जाऊन राहिलेले आपलेच लोक. म्हणून खालचे दर अमेरिकेतल्या, ईबेवर पैसे भरून स्टोअर न घेतलेल्या साध्या खात्याचे आहेत. हे दर मधनंमधनं बदलतात, विकण्याआधी एकदा बघून घ्या.

पहिलं कार्ड १२ डॉलरला गेलं. कार्डांसाठी फायनल व्हॅल्यू फी, म्हणजे माल विकला की ईबे कापून घेतं ती आडत, १३.२५ टक्के, म्हणजे १२ वर दीड डॉलरच्या आसपास, असा माझा तोंडी हिशोब. कापले गेले ३ डॉलर २६ सेंट. मी भावाला फोन लावला, "काय रे, दुप्पट कापलंय की!" तो हसला आणि ऑर्डरचा तपशील पाठवला.

गोम अशी, की फी नुसत्या कार्डाच्या किमतीवर लागत नाही. गिऱ्हाईक एकूण जेवढे पैसे भरतो त्या सगळ्यावर लागते. कार्ड १२, पोस्टेज ८, झाले २०. त्याच्या राज्याचा सेल्स टॅक्स समजा ८ टक्के, म्हणजे १ डॉलर ६० सेंट. एकूण २१.६०. याचे १३.२५ टक्के २ डॉलर ८६ सेंट, वर प्रत्येक ऑर्डरमागे ठरलेले ४० सेंट. तो टॅक्स आपल्या हातात येतच नाही, ईबे परस्पर राज्याला भरतं, पण फी मोजताना तो धरला जातो. ओरेगनसारख्या राज्यात सेल्स टॅक्सच नाही, तिथल्या गिऱ्हाइकाची फी तेवढी कमी बसते. आप्पांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे टेंपोच्या भाड्यावरपण आडत घेतात म्हण की!" अगदी तसंच.

यात फसवाफसवी नाही, नियमात लिहिलेलंच आहे. वाचायचा कंटाळा माझा.

खरा मार बसतो तो स्वस्त कार्डांवर. १० डॉलर किंवा त्याखालच्या ऑर्डरला ठरलेली रक्कम ३० सेंट आहे. २ डॉलरचं कार्ड, १ डॉलर पोस्टेज, टॅक्स धरून ३.२४. फी ४३ सेंट आणि वर ३०, म्हणजे ७३ सेंट. तीन डॉलरातला जवळजवळ पाव हिस्सा गेला; स्लीव्ह (कार्डाची पातळ पिशवी), टॉपलोडर (कडक प्लॅस्टिकचं कव्हर) आणि पाकिटाचा खर्च अजून मोजलाच नाही. अशी पाच कार्डं सुटी विकली तर पाच वेळा ३० म्हणजे दीड डॉलर जातात. पाचांचा एकच लॉट केला तर ऑर्डर दहा डॉलरच्या वर जाते, पण एकदाच ४० सेंट. म्हणून दोन-तीन डॉलरचा माल मी आता सुटा देतच नाही, एका संघाची किंवा एका मोसमाची जुडी बांधतो. शिवाय २० डॉलरपर्यंतच्या कार्डांसाठी ईबेचं स्टँडर्ड एन्व्हलप आहे. साधं पाकीट, पण ट्रॅकिंग मिळतं. पार्सलपेक्षा बरंच स्वस्त, आणि पोस्टेज उतरलं की त्यावरची फीसुद्धा उतरते.

जाहिरातीचं बटण मात्र नवख्यानं सोडून द्यावं. प्रमोटेड लिस्टिंगचा, म्हणजे पैसे देऊन आपला माल वर दाखवण्याचा, टक्का वेगळा, मूळ फीच्या वर, आणि तोही पोस्टेजसकट एकूण रकमेवर. आपल्या रांगेतला माल मागं पडेल या भीतीनं माणूस टक्का वाढवत जातो. मी दोन महिने वाढवत होतो. ज्या कार्डाला गिऱ्हाईक मोजकं आहे, ते नाव टाकून शोधत येतंच. गिऱ्हाईक अमेरिकेबाहेरचं असेल तर आणखी १.६५ टक्के, हेही ध्यानात ठेवा.

बेळगावातून थेट अमेरिकेला पाठवायचंही मनात होतं. ५०० रुपये भरून निर्यातीला लागणारा आयात-निर्यात कोड काढायची तयारी होती. पण २९ ऑगस्ट २०२५ पासून ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलची करमाफी तिकडं बंद झाली. त्याआधीच आपल्या पोस्टानं अमेरिकेचं बहुतेक बुकिंग काही आठवडे थांबवलं होतं. पाच-दहा डॉलरच्या कार्डासाठी एवढा उपद्व्याप मला तरी परवडत नाही.

आता माझ्या वहीत प्रत्येक कार्डाला एक पान आहे, आणि ते मी खालून भरतो. हातात किती उरायला पाहिजे ते आधी लिहायचं, मग त्यावर पाकीट, फी, ठरलेले सेंट, रुपयात आणताना जाणारी घट असं चढवत वर जायचं. वर जी किंमत निघते त्या किमतीला तेच कार्ड आधी विकलं गेलंय का, हे ईबेच्या सोल्ड लिस्टिंगमध्ये, म्हणजे विकल्या गेलेल्या मालाच्या यादीत, बघायचं. मागितलेल्या किमती बघू नका, मागायला काय, कोणी कितीही मागतो. गेलं नसेल तर कार्ड डब्यात परत.

गेल्या महिन्यात डब्यातलंच एक कार्ड कोल्हापूरच्या एका पोराला दिलं. त्यानं यूपीआय केलं, दोघंही वाटेत निपाणी स्टँडला भेटलो. फी म्हणाल तर एसटीचं तिकीट आणि दोन चहा. चहाचे पैसे त्यानंच दिले.