अकाउंटिंगच्या पदवीसाठी कर्ज काढण्यापूर्वी

बारावीचा निकाल लागला की आमच्या ओळखीतले पालक एकच प्रश्न घेऊन येतात : मुलाला किंवा मुलीला बीएएफला (बी.कॉम. अकाउंटिंग अँड फायनान्स या पदवीला) घालण्यासाठी शैक्षणिक कर्ज काढले, तर ते पुढच्या पगारातून फिटेल का? मी स्वतः चिपळूणहून ठाण्याला येऊन मुंबई विद्यापीठाची हीच पदवी 2015 साली कर्जाच्या आधारावर पूर्ण केली आणि त्यानंतर सीएची (चार्टर्ड अकाउंटंटची) आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या हाताखालचे सक्तीचे प्रत्यक्ष प्रशिक्षण, केली. त्या काळात आमच्या घराने जो ताण सोसला, त्यातला बराचसा आधी नीट हिशेब मांडला असता तर टळला असता, असे मला आजही वाटते.

पहिली चूक खर्चाच्या बाजूला झाली. अनुदानित महाविद्यालयातल्या साध्या बी.कॉम.चे शुल्क विनाअनुदानित बीएएफच्या तुलनेत फारच कमी असते, हे आम्हाला ठाऊक होते. पण कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहणे, मेस, लोकलचा पास आणि सीएच्या क्लासची फी मिळून शुल्कापेक्षाही जास्त होतात, हे लक्षात आले नाही. बीएएफमध्ये कॉस्टिंग, ऑडिटिंग आणि कर हे विषय अधिक सविस्तर शिकवले जातात आणि त्याचा मला उपयोग झाला, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. मात्र वाणिज्य पदवीधराला 55 टक्के गुणांवर सीए इंटरमिजिएटला, म्हणजे सीएच्या मधल्या टप्प्याच्या परीक्षेला, थेट नोंदणी करता येते आणि त्या ठिकाणी बीएएफ व साधी बी.कॉम. यांत कोणताही फरक केला जात नाही. पहिल्या मुलाखतीतही मला पदवीचे नाव कोणी विचारले नाही. बँक रिकन्सिलिएशन (बँकेच्या नोंदी आणि हिशेबाची वही यांचा मेळ) येते का, टीडीएसचे (उगमस्थानी कापलेल्या कराचे) विवरणपत्र भरले आहे का, टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर हात बसला आहे का, एवढेच विचारले गेले. तेव्हा व्हॅट होता, 2017 पासून जीएसटी आला, पण प्रश्नांचा रोख बदललेला नाही.

आता कर्जाची बाजू पाहू. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून दर वर्षी 1 लाख याप्रमाणे तीन वर्षांत 3 लाख रुपये उचलले आणि व्याजदर 10 टक्के आहे, असे धरू. अभ्यासक्रमाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता नसतो, परंतु व्याज थांबलेले नसते. सरळ व्याजाने पहिल्या लाखावर चार वर्षांचे 40,000, दुसऱ्यावर 30,000 आणि तिसऱ्यावर 20,000 रुपये चढतात, म्हणजे पहिला हप्ता भरण्याच्या दिवशी देणे 3 लाख 90 हजार झालेले असते. ते सात वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे 6,475 रुपये हप्ता बसतो आणि एकूण परतफेड 5 लाख 44 हजारांच्या आसपास जाते. याउलट व्याज महिन्याच्या महिन्याला भरत राहिल्यास पहिल्या वर्षी महिना सुमारे 835 रुपये लागतात, तिसऱ्या वर्षापासून 2,500. मात्र पुढचा हप्ता 4,980 वर येतो आणि एकंदरीत 35 हजारांहून अधिक वाचतात. शिकत असताना व्याज भरणाऱ्याला अनेक बँका दरात 1 टक्क्याची सवलतही देतात. माझ्या वडिलांना हे कोणी सांगितले नाही. सांगितले असते तर त्यांनी ते नक्की भरले असते.

खरी अडचण मात्र हप्त्याच्या रकमेची नाही, वेळेची आहे, आणि अकाउंटिंगच्या क्षेत्रात ती इतर क्षेत्रांपेक्षा तीव्र आहे. या पदवीवरची पहिली नोकरी बेताच्या पगाराची असते. उत्पन्नाची मोठी उडी सीए किंवा सीएमए (कॉस्ट अकाउंटंट) झाल्यावर येते. बँक मात्र पदवीनंतर एका वर्षाने हप्ता मागू लागते. मी त्या वेळी आर्टिकलशिपच्या पहिल्या वर्षात होतो, विद्यावेतन महिना 5,000 रुपये होते आणि हप्ता त्याहून मोठा होता. सहकर्जदार वडील असल्याने दोन वर्षे त्यांनी तो भरला, कारण चुकवला असता तर माझ्याबरोबर त्यांचीही पतनोंद खराब झाली असती. सीएच्या अंतिम परीक्षेसाठी मला हवी तितकी रजा घेता आली नाही आणि पहिला प्रयत्न वाया गेला. सीए अभ्यासक्रमाच्या 2023 च्या नव्या योजनेत आर्टिकलशिप तीन वर्षांवरून दोन वर्षांवर आली आहे, ही मोठी सोय आहे. तरीही त्यानंतर सहा महिने अभ्यासासाठी ठेवावे लागतात, आणि एखादा प्रयत्न हुकणे या परीक्षेत मुळीच अपवादात्मक नाही.

म्हणून महाविद्यालयाच्या माहितीपत्रकातल्या सरासरी पॅकेजवर विसंबून कर्ज काढू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन-चार विद्यार्थ्यांच्या मोठ्या पगाराने सरासरी फुगते, शिवाय पॅकेजचा आकडा आणि हातात येणारी रक्कम यांत अंतर असते. त्याऐवजी दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, मधल्या फळीतल्या पाच-सहा विद्यार्थ्यांना हातात काय मिळते ते विचारावे, त्यातून भाडे, जेवण आणि प्रवास वजा करावा, आणि उरलेल्या रकमेच्या निम्म्यात हप्ता बसतो का ते पाहावे. 4 लाखांपर्यंतचे कर्ज सहसा तारणाशिवाय मिळते; परंतु मिळते म्हणून ते पूर्ण उचलण्याचे कारण नाही. व्याजावर आयकरात आठ वर्षांपर्यंत मिळणारी वजावट जुन्या करप्रणालीतच लागू होते आणि सुरुवातीच्या पगारावर मुळात कर फारसा बसतच नाही, त्यामुळे तिला फायद्याच्या बाजूला मोजू नये.

आज मला पुन्हा निवड करायची असती, तर बारावीनंतर लगेच सीए फाउंडेशन ही सीएची पहिली परीक्षा दिली असती, घराजवळच्या अनुदानित महाविद्यालयात बी.कॉम. केले असते आणि कर्ज काढायचेच असते तर ते अंतिम परीक्षेच्या अभ्यासाचे महिने निर्वेध मिळावेत म्हणून राखून ठेवले असते. ज्यांचे बीएएफ ठरलेले आहे त्यांनी कर्जाच्या करारावर सही करण्यापूर्वी बँकेच्या शाखेला एक गोष्ट जरूर विचारावी : पदवीनंतर आर्टिकलशिप चालू असल्यास हप्ता न भरण्याची मुदत पुढे वाढवता येते का? माझ्या शाखेने आर्टिकलशिप हे उच्च शिक्षण मानले नाही, आणि मी तो प्रश्न पहिला हप्ता खात्यातून वजा झाल्यावर विचारला होता. उत्तर होकारार्थी असेल तर ते लेखी घ्यावे.