कंपनीभर फिरणाऱ्या ड्रॉइंगचा बॅकअप कसा ठेवावा

नवी मुंबईतल्या रबाळे, महापे किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या कुठल्याही मध्यम कारखान्यात एका ड्रॉइंगच्या किती प्रती आहेत ते एकदा मोजून बघा. डिझायनरच्या डेस्कटॉपवर एक, झेड ड्राइव्हवर (सगळ्यांच्या सामायिक ड्राइव्हवर) एक, क्वालिटीवाल्यांच्या फोल्डरात एक, लेझर कटिंगच्या व्हेंडरला ईमेलने गेलेली एक, आणि सुपरवायझरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ. नावं ‘फ्लँज फायनल’, ‘फ्लँज फायनल २’, ‘फ्लँज फायनल साहेब ओके’. प्रतींना तोटा नसतो. डिस्क गेली की पंचाईत होते ती यातली खरी कुठली हे कोणालाच सांगता येत नाही म्हणून. तेव्हा बॅकअपचं सॉफ्टवेअर नंतर, आधी मूळ प्रत एका जागी आणायची.

मूळ प्रत एका जागी

सर्व्हरवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या सामायिक डिस्कच्या पेटीवर) तीन फोल्डर करा: ‘चालू’, ‘मंजूर’ आणि ‘जुनी’. ‘चालू’मध्ये डिझायनर हवं ते करोत. ‘मंजूर’मध्ये लिहायचा हक्क फक्त ड्रॉइंग ऑफिसच्या प्रमुखाला आणि त्याच्या रजेत एका बदलीच्या माणसाला, बाकी सगळ्यांना नुसतं बघता येईल एवढीच परवानगी. नवं रिव्हिजन (ड्रॉइंगची सुधारित आवृत्ती) मंजूर झालं की आधीचं ‘जुनी’मध्ये जातं, पुसलं जात नाही.

फाइलच्या नावात ड्रॉइंग नंबर आणि रिव्हिजन, बस: ‘४१२७-०३-आर०२’. ‘फायनल’ या शब्दावर बंदी घाला. टायटल ब्लॉकमधलं (ड्रॉइंगवरच्या माहितीच्या चौकटीतलं) रिव्हिजन आणि फाइलच्या नावातलं रिव्हिजन एकच आहे का, हे मंजुरी देणाऱ्याने डोळ्यांनी बघायचं. नाव आर०२ आणि आत टायटल ब्लॉकमध्ये आर०१, अशी फाइल व्हेंडरकडे गेली की माल जुन्या मापाचा येतो आणि वाद महिनाभर चालतो. व्हेंडरला पीडीएफ आणि डीएक्सएफ (कटिंगसाठी लागणारी ड्रॉइंगची फाइल) ‘मंजूर’मधूनच जावं. आयएसओ ९००१:२०१५ च्या कलम ७.५.३ मध्ये कागदपत्रांच्या नियंत्रणाबद्दल जे मागितलं आहे, त्यातला बराच भाग या शिस्तीने आपोआप होतो.

फोल्डरात फोल्डर करत जाऊ नका. ग्राहक, वर्ष, प्रोजेक्ट, असेंब्ली असं करत पूर्ण पाथ (फाइलचा पत्ता) २६० अक्षरांच्या पुढे गेला की विंडोजमधली बरीच सॉफ्टवेअर अडखळतात आणि नेमकी खोलवरची फाइल कॉपी व्हायची राहते.

ऑटोकॅड स्वतः काय ठेवतं

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह केलं की त्या सेव्हच्या आधीची स्थिती त्याच फोल्डरात बीएके फाइल म्हणून राहते. ‘आयसेव्हबॅक’ या सेटिंगची किंमत १ असेल तरच, कोणी फोल्डर स्वच्छ दिसावा म्हणून ० करून ठेवली असेल तर ती आजच परत १ करा. दुसरी ऑटोसेव्हची एसव्ही-डॉलर फाइल. मूळ सेटिंगमध्ये ती दर १० मिनिटांनी टेम्प फोल्डरात लिहिली जाते आणि ऑटोकॅड नीट बंद केलं की पुसली जाते. ती कुठे पडते ते ऑप्शन्समधल्या फाइल्स टॅबवर दिसतं. दोन्ही वापरायची रीत एकच: फाइलची कॉपी दुसरीकडे घ्या, शेवटचं एक्स्टेन्शन बदलून डीडब्ल्यूजी (ऑटोकॅड ड्रॉइंगचं नेहमीचं) करा, उघडा.

इथे एक चूक हटकून होते. ड्रॉइंगमधून अर्धा भाग चुकून उडाला आणि सेव्ह झालं. बीएकेमध्ये चांगली प्रत अजून शाबूत आहे. पण घाबरून पुन्हा कंट्रोल-एस दाबलं की बिघडलेली प्रत बीएकेवर चढते आणि चांगली कायमची जाते. अशा वेळी कीबोर्डवरून हात उचलायचा आणि आधी बीएकेची कॉपी घ्यायची.

ऑटोकॅड मध्येच बंद पडलं की डीडब्ल्यूएल नावाची लपलेली फाइल मागे राहते आणि ड्रॉइंग ‘दुसऱ्याकडे उघडं आहे’ असं सांगतं. ती नोटपॅडमध्ये उघडली की कुलूप कोणाच्या नावावर आहे ते दिसतं. त्या माणसाला विचारूनच पुसा.

जोडलेल्या फाइल्स

एकटं डीडब्ल्यूजी जपून उपयोग नाही. त्यात लेआउट, स्ट्रक्चर किंवा पाइपिंगचे एक्सरेफ (बाहेरून जोडलेली दुसरी ड्रॉइंग) असतात, ऑटोकॅडचे एसएचएक्स फॉन्ट असतात, प्रिंटसाठी रेघांच्या जाडी-रंगाची सीटीबी फाइल असते. एक्सरेफ ‘फुल पाथ’ने (ड्राइव्हच्या अक्षरापासूनच्या पूर्ण पत्त्याने) जोडला असेल तर फाइल दुसऱ्या ड्राइव्हवर नेली की तुटला. ‘रिलेटिव्ह पाथ’ (मूळ ड्रॉइंगच्या जागेपासूनचा पत्ता) ठेवा. ऑटोकॅड २०१८ पासून मूळ सेटिंग तेच आहे, पण त्याआधीची ड्रॉइंग तपासावी लागतील. रिव्हिजन मंजूर झालं की ऑटोकॅडच्या ‘ई-ट्रान्समिट’ने सगळं एका झिपमध्ये बांधून मंजूर फाइलशेजारी ठेवा. सॉलिडवर्क्स या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये हेच काम ‘पॅक अँड गो’ करतं. तिथे पार्टचं नाव विंडोजमधून परस्पर बदललं की असेंब्ली त्याला शोधत बसते.

प्रती तीन, जागा दोन

मूळ धरून तीन प्रती, दोन वेगळ्या उपकरणांवर, त्यातली एक आवाराबाहेर. नॅसमध्ये दोन डिस्कचं रेड-१ (दोन्हींवर एकाच वेळी तेच लिहिणारी जोडणी) आहे म्हणून निर्धास्त राहू नका. एका डिस्कवरून पुसलेली फाइल त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते. रेड डिस्क बिघडल्यावर काम चालू ठेवतं, माणसाची चूक भरून काढत नाही.

नॅस बीटीआरएफएस फॉरमॅटचं असेल तर दिवसा दर तासाला स्नॅपशॉट (फाइल्सची त्या क्षणाची स्थिती) लावा आणि १४ दिवसांचे ठेवा. दुपारी उडालेलं ड्रॉइंग परत आणायला याहून सोपं काही नाही. पण स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असतो, त्यामुळे तो प्रतींमध्ये मोजायचा नाही.

रात्रीची कॉपी वेगळ्या संगणकाला जोडलेल्या डिस्कवर जाऊ द्या. विंडोजमधलं फाइल्स कॉपी करणारं रोबोकॉपी यासाठी पुरतं. वारांच्या नावाचे सात फोल्डर करा. ड्रॉइंगचा साठा ८० जीबी असेल तर सातांचे ५६० जीबी, म्हणजे १ टीबीची डिस्क चालते. महिनाअखेरची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, कारण बिघडलेली फाइल दहाव्या दिवशी लक्षात आली तर सातही वारांत तीच बसलेली असते.

रोबोकॉपीचे स्विच (कमांडपुढे लिहायचे पर्याय) निवडताना जपा. ‘एमआयआर’ लावलं की मूळ जागी पुसलेलं सगळं कॉपीतूनही पुसलं जातं. त्याऐवजी ‘ई’ वापरा. ‘आर’ (किती प्रयत्न) आणि ‘डब्ल्यू’ (मधे किती सेकंद) दिले नाहीत तर रोबोकॉपी अडकलेल्या एका फाइलसाठी दर ३० सेकंदांनी दहा लाख वेळा प्रयत्न करतं, म्हणजे सकाळी कामगार आले तरी ते त्याच फाइलवर बसलेलं. दोन प्रयत्न आणि पाच सेकंद पुरे. लॉग फाइल लिहायला लावा आणि रोज सकाळी तिच्या तळाशी ‘फेल्ड’च्या रकान्यात शून्य आहे का बघा. हे काम एका माणसाच्या नावावर लावा. ‘आयटीवाले बघतात’ म्हटलं की कोणी बघत नाही.

ही कॉपी करणारं लॉगिन वेगळं असावं आणि डिझायनरांच्या संगणकांना ती डिस्क दिसताच कामा नये. रॅन्समवेअर (फाइल्स कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) जोडलेल्या प्रत्येक ड्राइव्हवर जातं. जून २०१७ मधल्या नॉटपेट्या या अशाच सॉफ्टवेअरच्या हल्ल्यात इथल्याच जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं होतं. ड्रॉपबॉक्स किंवा गूगल ड्राइव्हचं सिंकही बॅकअप नव्हे. बिघडलेली फाइल तितक्याच तत्परतेने वर चढते. शिवाय सिंक फोल्डरात दोघांनी एकच ड्रॉइंग उघडलं तर ऑटोकॅडचं कुलूप वेळेवर पोचेल याची खात्री नाही.

आवाराबाहेरची प्रत क्लाउडवर न्यायची असेल तर आधी हिशेब करा. १०० एमबीपीएस अपलोड मिळाला तरी ८० जीबीला किमान पावणेदोन तास, प्रत्यक्षात अडीच-तीन धरा. पहिल्यांदाच एवढं, नंतर रोजचे बदल तेवढे. लाइन बेभरवशाची असेल तर दोन पोर्टेबल डिस्क घ्या, त्यांवर ‘अ’ आणि ‘ब’ अशी पट्टी चिकटवा. इथले बरेच कारखाने शुक्रवारी बंद असतात, म्हणून गुरुवारी संध्याकाळी एक घरी जाते आणि शनिवारी दुसरी येते. डिस्क विंडोजच्या बिटलॉकरने कुलूपबंद करा आणि ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर छापून तिजोरीत ठेवा. त्याच संगणकावर टाइप करून ठेवलेली की ऐन वेळी मिळत नाही.

पावसाळ्याचं वेगळं सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तळमजल्याच्या गाळ्यात नॅस टेबलाखाली ठेवू नका, पोटमाळ्यावर किंवा उंच रॅकवर चढवा. यूपीएसची यूएसबी वायर नॅसला जोडा, म्हणजे वीज गेल्यावर ते स्वतः नीट बंद होईल. नुसता यूपीएस असला तर बॅटरी संपेपर्यंतच संरक्षण.

परत उघडून बघणं

महिन्यातून एकदा, अर्धा तास. बॅकअपमधून तीन ड्रॉइंग निवडा: एक्सरेफ असलेलं एक, मोठी असेंब्ली एक, दोन वर्षं जुनं एक. ती नेटवर्कची वायर काढलेल्या संगणकावर उघडा. वायर काढणं महत्त्वाचं आहे. झेड ड्राइव्ह जोडलेला असेल तर फुल पाथचा एक्सरेफ गुपचूप मूळ फोल्डरातून येतो, ड्रॉइंग छान दिसतं आणि बॅकअपमध्ये ती फाइलच नाही हे कळत नाही. अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं आली तर फॉन्ट राहिला आहे.

उघडतच नसेल तर फाइलच्या कॉपीवर ‘रिकव्हर’ चालवा, मग ‘ऑडिट’. त्याआधी ती नोटपॅडमध्ये उघडून पहिली सहा अक्षरं बघा. २०१८ फॉरमॅटची डीडब्ल्यूजी ‘एसी१०३२’ने सुरू होते, २०१३ ची ‘एसी१०२७’ने. तिथे भलतंच काही दिसलं तर दुरुस्तीत वेळ घालवू नका, आदल्या वाराचा फोल्डर उघडा. दोन-तीन फाइल्सची सुरुवात अशीच बिघडलेली निघाली तर रॅन्समवेअरचा संशय धरा: बॅकअपची डिस्क लगेच काढून ठेवा, सगळ्या संगणकांच्या नेटवर्कच्या वायरी उपटा आणि मगच आयटीवाल्याला फोन करा.