किनाऱ्यावरची जुनी समुद्रपातळी कशी वाचायची

शेवटच्या हिमयुगानंतर समुद्र साधारण १२० ते १३० मीटर चढला, हा आकडा आधी बाजूला ठेवा. ती सगळ्या जगाची सरासरी आहे. समोरच्या किनाऱ्याची गोष्ट वेगळी असू शकते.

पहिलं काम नकाशाचं. किनारा जुन्या बर्फापासून किती लांब होता ते बघा. स्वीडनचा होगा कुस्तेन हा किनारा बर्फाच्या ओझ्याखाली दबलेला होता. ओझं उतरलं तशी जमीन वर आली. तिथे डोंगरावर चढताना समुद्रापासून सुमारे २८५ मीटर उंचीवर लाटांनी घासलेले गोल धोंडे भेटतात, अंगावर दगडफूल चढलेले. तो जुना किनारा, आणि ती जमीन आजही वर्षाला ८ मिलिमीटरच्या आसपास वर येते आहे.

ओल्या मातीत अंगठा दाबला की कडेला फुगवटा येतो, तसा बर्फाच्या कडेबाहेर जमिनीलाही आला होता. तो आता बसतोय, म्हणून अमेरिकेच्या चेसापीक उपसागरात पाणी जास्त वेगाने चढतं. समुद्राखालचे फुगवटे बसल्याने झालेली जागा भरायला लांबच्या महासागरातलं पाणी ओढलं गेलं. त्यामुळे प्रशांत महासागरातल्या कितीतरी बेटांवर काही हजार वर्षांपूर्वी पातळी आजच्यापेक्षा एक-दोन मीटर वर होती आणि मग उतरली. मला या सगळ्यात हेच सर्वांत विलक्षण वाटतं.

आता पुरावा. खारट दलदलीतलं पीट, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर, उत्तम, कारण ते भरतीच्या ठरावीक पट्ट्यातच साचतं. नमुना मात्र पीटच्या अगदी तळाचा, खालच्या घट्ट थराला टेकलेला घ्या. सुरुवातीला मी मधला तुकडा घेतला होता. वरच्या गाळाने पीट दबून तो मूळ जागेवरून खाली गेला होता, आणि माझी पातळी खरीपेक्षा खाली आली. वय आणि पातळीच्या आलेखातून तो बिंदू काढावा लागला.

शिंपल्यांचं कार्बन वय, म्हणजे किरणोत्सारी कार्बन मोजून काढलेलं वय, थेट वापरू नका. समुद्राच्या पाण्यातला कार्बन जुना असतो, त्यामुळे वय सरासरी ४०० वर्षांनी जास्त येतं; त्या भागाची दुरुस्ती शोधून लावा. शिवाय शिंपला किती खोलीवर जगला ते बहुधा कळत नाही. तो फक्त इतकंच सांगतो की पाणी त्याच्या वर होतं.

आलेखात प्रत्येक नमुना बिंदू म्हणून न मांडता चौकट म्हणून काढा: रुंदी वयाच्या अनिश्चिततेची, उंची पातळीच्या. आणि दूरदूरच्या किनाऱ्यांच्या चौकटी एका रेषेत जोडू नका.