ट्रंकवर नवा व्हीलॅन जोडताना ‘ॲड’ विसरू नका

रावेर-सावद्याकडचं केळीचं एखादं कोल्ड स्टोरेज धरा. ऑफिसात एक स्विच, दीडशे मीटरवर चेंबरच्या शेडमध्ये दुसरा, मध्ये फायबर. हीच ट्रंक, म्हणजे एकाच तारेवरून अनेक व्हीलॅन (एकाच नेटवर्कचे वेगळे केलेले भाग) नेणारी जोडणी. ऑफिसचे कॉम्प्युटर व्हीलॅन १० वर, कॅमेरे २० वर, स्विचचं मॅनेजमेंट ९९ वर. आता तापमानाच्या सेन्सरसाठी ३० हवा आहे. कमांड सिस्को आयओएसच्या, म्हणजे सिस्को स्विचच्या सॉफ्टवेअरच्या आहेत.

दोन्ही स्विचवर व्हीलॅन ३० तयार करा. दोन्ही टोकांना ‘स्विचपोर्ट मोड ट्रंक’ आणि ‘स्विचपोर्ट नॉनिगोशिएट’ (ट्रंकची आपोआप बोलणी बंद) द्या. नेटिव्ह व्हीलॅन (ट्रंकवर ज्याला टॅग लागत नाही तो) दोन्हीकडे एकच ठेवा, शक्यतो न वापरलेला, समजा ९९९.

खरी गोम ट्रंकवरून कुठले व्हीलॅन जाऊ द्यायचे, त्या यादीत आहे. ट्रंकवरून मुळात १ ते ४०९४ सगळे व्हीलॅन जातात. ‘चालतंय ना, राहू द्या’ हा सल्ला अजिबात ऐकू नका. एका कोपऱ्यातल्या लूपचा (तार गोल जोडली जाऊन डेटा फिरत राहण्याचा) त्रास मग सगळ्या स्विचना होतो. लागतील तेवढेच लिहा: ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १०,२०,९९’.

पुढे ३० जोडायचा तो ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ॲड ३०’ असाच. ‘ॲड’ राहिला तर स्विच काही न विचारता जुनी यादी पुसतो आणि एकटा ३० ठेवतो. कॅमेरे काळे, बिलिंग ठप्प, आणि ९९ गेल्यामुळे पलीकडचा स्विचही हाताबाहेर. मग मे महिन्याच्या उन्हात कन्सोल केबल घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये जावं लागतं.

म्हणून दूरच्या स्विचवर आधी ‘राइट मेमरी’ (चालू कॉन्फिग सेव्ह), मग ‘रीलोड इन १०’ (दहा मिनिटांनी रीस्टार्ट). हात चुकला तरी दहा मिनिटांनी तो जुन्या कॉन्फिगवर उठतो. त्या वेळी त्याच्यावर चालणारे कॅमेरेही बंद पडतात, तेव्हा चौकीदाराला आधीच सांगून ठेवा. सगळं जमलं की ‘रीलोड कॅन्सल’, आणि त्यानंतरच पुन्हा सेव्ह. मध्येच सेव्ह मारलंत तर चूकच पक्की होते.

शेवटी दोन्हीकडे ‘शो इंटरफेसेस ट्रंक’. नुसती ‘अलाउड’ची यादी बघून उठू नका. ३० तिथे आहे, पण ‘अलाउड अँड ॲक्टिव्ह’मध्ये नाही, तर त्या स्विचवर व्हीलॅन तयारच झालेला नाही. तिथेही आहे, पण खालच्या ‘फॉरवर्डिंग’च्या यादीत नाही, तर स्पॅनिंग ट्रीने (लूप रोखणारा प्रोटोकॉल) अडवलाय किंवा व्हीटीपीने (स्विचांमध्ये व्हीलॅनची माहिती पसरवणारा सिस्कोचा प्रोटोकॉल) छाटलाय. जाता जाता नेटिव्ह व्हीलॅनही दोन्ही टोकांना एकच आहे ना, ते बघा: कधी कधी एका टोकाला ९९९ आणि दुसऱ्याला १ राहिलेला असतो.