सिरॉसिसच्या रुग्णाची एंडोस्कोपी: जंतुसंसर्ग कसा टाळावा, कसा ओळखावा

सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत कायमचे कठीण आणि व्रणांनी भरलेले झाल्यावर, आतड्यातले जंतू सहज रक्तात आणि पोटातल्या पाण्यात शिरतात, आणि त्यांना अडवण्याचे यकृताचे काम मंदावलेले असते. त्यामुळे दुर्बिणीच्या तपासणीनंतर (एंडोस्कोपीनंतर) होणारा संसर्ग बऱ्याचदा रुग्णाच्याच आतड्यातून आलेला असतो. काळजीची सुरुवात तपासणीच्या आधीच करावी लागते.

१. तपासणी कशासाठी, हे आधी स्पष्ट करून घ्या

ठरवून केलेली साधी एंडोस्कोपी किंवा अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना रबर बँड लावणे, यासाठी प्रतिजैविक सहसा लागत नाही. आग्रहाने मागू नका. उगाच घेतल्याने औषधांना न जुमानणारे जंतू वाढतात. पित्तनलिकेच्या एंडोस्कोपीत मात्र पित्ताचा निचरा अपुरा राहिला तर संसर्गाचा धोका मोठा, तेव्हा डॉक्टरांना विचारा.

रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शी झाली असेल तर गोष्ट पूर्ण वेगळी. इथे प्रतिजैविक हा उपचाराचाच भाग आहे. सहसा सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन १ ग्रॅम शिरेतून २४ तासांतून एकदा, जास्तीत जास्त ७ दिवस. पहिला डोस दाखल होताच, एंडोस्कोपीची वाट न पाहता मिळायला हवा. संसर्ग झाला की पुन्हा रक्तस्राव होण्याचा आणि जीव जाण्याचा धोका वाढतो. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असल्यास तेव्हाच सांगा.

२. जाण्यापूर्वी

घन आहार ६ ते ८ तास आधी थांबवतात, साधे पाणी साधारण २ तास आधी. सकाळची वेळ मागून घ्या, कारण लांबलेल्या उपासाने या रुग्णांचे स्नायू झिजतात. रक्ताची उलटी होत असेल तर काहीही पाजू नका, डाव्या कुशीवर झोपवा. रुग्ण गुंगीत असेल तर आधी श्वासनलिकेत नळी घालावी लागते, नाहीतर रक्त फुफ्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

३. घरी आल्यावर

सकाळ-संध्याकाळ ताप मोजा; ३८ अंश सेल्सिअस (१००.४ फॅरनहाइट) किंवा जास्त असेल तर लगेच डॉक्टरांशी बोला. पण सिरॉसिसमध्ये गंभीर संसर्गातही ताप नसू शकतो, आणि इथेच घरचे लोक फसतात. म्हणून रोज एका वहीत सही करायला लावा. अक्षर वेडेवाकडे झाले, दिवसा झोप येऊ लागली, बोलण्यात गोंधळ झाला तर संसर्गाची शंका घ्या. लघवी कमी होणे, पोट दुखणे, धाप लागणे ही बाकीची लक्षणे.

पोटात पाणी असेल तर ते सुईने काढून त्याच दिवशी तपासावे. एका घन मिलिमीटरमध्ये न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या) पेशी २५० किंवा जास्त असतील तर संसर्ग धरून उपचार सुरू होतात. मूत्रपिंडे वाचवण्यासाठी सोबत अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) शिरेतून देतात: पहिल्या दिवशी किलोमागे १.५ ग्रॅम, तिसऱ्या दिवशी १ ग्रॅम. म्हणजे ६० किलोच्या रुग्णाला आधी ९० ग्रॅम. २० टक्क्यांच्या १०० मिलीच्या साडेचार बाटल्या. खर्च मोठा आहे, तयारी ठेवा.

दुखण्यावर डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको. पॅरासिटामॉल दिवसाला २ ग्रॅमपर्यंत, तेही डॉक्टरांना विचारून आणि ताप मोजून झाल्यावरच.

बँड गळून पडल्यावर तिथे जखम राहते आणि ५ ते १४ दिवसांत रक्तस्राव होऊ शकतो. शी काळी दिसली की थेट रुग्णालय. आणि अ‍ॅसिडिटीची गोळी किती दिवस घ्यायची हे चिठ्ठीवर लिहून घ्या. जठरातले आम्ल दीर्घकाळ कमी राहिले तर जंतूंना फावते.