शाळकरी मुलांतील दमा आणि नाकाची ॲलर्जी: सर्वेक्षण कसे आखावे

सर्वेक्षण हाती घेताना नेमके काय मोजायचे, डॉक्टरांनी केलेले निदान की मुलाला जाणवलेली लक्षणे, हे आधी ठरवावे. मुलाला दमा आहे असे म्हणवून घेणे अनेक पालकांना नको असते आणि औषधोपचार सुरू असूनही आजाराचे नाव घरात उच्चारले जात नाही. त्यामुळे केवळ निदानावर विसंबल्यास हाती येणारा आकडा आजारापेक्षा वैद्यकीय सोयींबद्दल आणि पालकांच्या संकोचाबद्दलच अधिक सांगतो.

१९९१ मध्ये सुरू झालेल्या ‘आयझॅक’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने म्हणूनच लक्षणांवर आधारलेली छोटी प्रश्नावली तयार केली. पुणे, मुंबई आणि अकोला येथेही ती वापरली गेली. तिच्यात ६ ते ७ वर्षांच्या मुलांची उत्तरे पालक देतात, तर १३ ते १४ वर्षांची मुले स्वतः लिहितात. या दोन गटांचे आकडे एकत्र मिसळू नयेत. गेल्या १२ महिन्यांत श्वास घेताना छातीतून शिट्टीसारखा आवाज आला का, हा दम्याचा मुख्य प्रश्न आहे, आणि दमा हे नाव त्यानंतरच येते. हा क्रम बदलू नये, कारण नाव आधी आले की पालक सावध होतात.

नाकाच्या प्रश्नात ‘सर्दी किंवा फ्लू नसताना’ ही अट अत्यावश्यक आहे. ती गाळली तर पावसाळ्यात सर्वेक्षण केलेल्या शाळेतील बहुतेक मुले ॲलर्जीची ठरतील. शिंका, वाहते किंवा चोंदलेले नाक यांसोबत डोळ्यांना खाज व पाणी येते का आणि त्रास कोणत्या महिन्यांत होतो, हेही विचारावे.

मुलांची संख्या अंदाजाने ठरवू नये. लक्षणांचे प्रमाण १० टक्के गृहीत धरून ९५ टक्के विश्वासपातळीवर (म्हणजे शंभरपैकी ९५ वेळा अंदाज बरोबर ठरेल इतक्या खात्रीने) २ टक्क्यांपर्यंतची चूक चालणार असेल, तर साध्या यादृच्छिक (चिठ्ठ्या टाकल्यासारख्या) निवडीत सुमारे ८६५ मुले पुरतात; परंतु एका शाळेतील मुले वस्ती, हवा आणि आर्थिक स्थिती यांबाबत एकमेकांसारखी असल्याने शाळानिहाय निवडीत ही संख्या बऱ्याचदा दुप्पट धरावी लागते. थोड्या शाळांतील सर्व मुले घेण्यापेक्षा अधिक शाळांतील थोडी मुले घेणे सांख्यिकीय दृष्ट्या हिताचे असते, मुख्याध्यापकांच्या परवानग्या मिळवताना कितीही पायपीट झाली तरी.

नैतिक समितीची मान्यता आणि पालकांचे संमतीपत्र आवश्यक आहेच; शिवाय भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ७ वर्षांवरील मुलाची स्वतःची तयारीही विचारावी लागते.

सोय असल्यास निवडक मुलांची स्पायरोमेट्री (जोराने फुंकायला लावून फुफ्फुसांची क्षमता मोजणारी चाचणी) आणि त्वचेवरील ॲलर्जी चाचणी करावी. त्वचाचाचणीत साधारण १५ मिनिटांनी उठलेली गांध नियंत्रण द्रावणाच्या (ज्यात ॲलर्जी आणणारा घटक नसतो) गांधीपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठी असल्यास ती सकारात्मक मानतात. मात्र ॲलर्जीविरोधी गोळ्या काही दिवस आधी बंद केलेल्या नसतील, तर निकाल फसवा ठरतो. स्पायरोमेट्री सामान्य आली म्हणून दमा नाही असे लिहू नये, कारण दोन झटक्यांच्या मधल्या काळात मुलाची फुंकर पूर्णपणे सामान्य असू शकते.

विश्लेषणात फक्त छातीची लक्षणे, फक्त नाकाची लक्षणे, दोन्ही आणि एकही नाही, असे चार गट स्वतंत्र दाखवावेत. दोन्ही त्रास एकाच मुलात वारंवार आढळले, तरी एकाच वेळी केलेल्या पाहणीवरून नाकाचा त्रास आधी सुरू झाला की छातीचा, हे सिद्ध होत नाही. त्यासाठी जन्मापासून त्याच मुलांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणारा अभ्यास लागतो.